उण्या भरलेल्यांचा सिनेमा

आप्पांना इंग्रजी चांगलं येतं, पण पडद्याच्या तळाशी पळणारी अक्षरं वाचायला आता डोळे साथ देत नाहीत. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात वरोऱ्याच्या घरी आम्ही लॅपटॉपवर जो फिलिपिनो सिनेमा लावला, तो मी पाहिला आणि त्यांनी ऐकला असंच म्हणावं लागेल. पडद्यावरची माणसं टागालोगमध्ये भांडायची, खाली इंग्रजी उमटायचं आणि मी धापा टाकत मराठीत सांगत सुटायचो. मध्येच वीज गेली. मध्येच शेजारचे काका छत्री परत द्यायला आले आणि चहा घेऊनच गेले. दोन तासांच्या सिनेमाला रात्रीचे अकरा वाजले.

सिनेमाचं नाव ‘तिनिम्बांग का न्गुनित कुलांग’. साल १९७४. बायबलातल्या दानिएलाच्या गोष्टीत राजाची मेजवानी ऐन रंगात आलेली असताना एक हात भिंतीवर अक्षरं लिहून जातो. त्यातल्या एका शब्दाचा अर्थ असा की तुला तोललं आणि तू उणा भरलास. तेच वाक्य सिनेमाचं नाव.

“कोन उणा भरला?” आप्पांनी विचारलं.

“पाहा ना.”

हा सिनेमाच का, याला कारण आप्पांची एक वही. ते आयुष्यभर शिक्षक होते आणि कात्रणं चिकटवायची त्यांना सवय होती. १९८५ साली बाबा आमट्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्या बातमीचं कात्रण त्या वहीत आहे. वरोऱ्यात वाढलेल्या मुलाला बाबा म्हणजे शाळेच्या सहलीतले, प्रत्येक वक्तृत्व स्पर्धेतले, घरातल्यासारखे. सातवीत त्या कात्रणावरून मी भाषण पाठ केलं होतं. बातमीच्या शेवटी त्या वर्षीच्या इतर मानकऱ्यांची नावं होती आणि त्यात ‘लिनो ब्रोका, चित्रपट दिग्दर्शक, फिलिपाइन्स’ असं एक. भाषणात त्याचा काही उपयोग नव्हता. पण नाव लक्षात राहिलं, एखाद्या बाराखडीतून निसटल्यासारखं.

पुढे पुण्यात नोकरी करताना, फिल्म सोसायट्यांच्या नादाला लागलेला असताना, ते नाव परत भेटलं. या माणसाबद्दल वाचताना एका ओळीवर मी थांबलो. दिग्दर्शक होण्याआधी, विशी-बाविशीत, मॉर्मन पंथाचा प्रचारक म्हणून तो हवाईला गेला होता, आणि तिथे मोलोकाई बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत त्यानं काम केलं होतं. मी उठून घरात दोन फेऱ्या मारल्या. एकाच वर्षीच्या एकाच यादीत, एकीकडे आनंदवनाचे बाबा आणि दुसरीकडे हा. पुरस्कार देणाऱ्यांनी हे काही ठरवून केलं नसणार. बाबांना लोकसेवेसाठी दिला आणि याला पत्रकारिता-साहित्य-कलांच्या विभागात, सिनेमासाठी. तरी ती यादी माझ्या दृष्टीनं पार बदलून गेली.

मोलोकाईची ती वसाहत म्हणजे कलाउपापा. समुद्रात घुसलेली जमिनीची एक जीभ आणि मागे ताडमाड कडा. एकोणिसाव्या शतकात रोग्यांना तिथे नेऊन सोडायला सुरुवात झाली आणि सक्तीच्या अलगीकरणाचा कायदा थेट १९६९ पर्यंत होता. म्हणजे ब्रोका तिथे होता तेव्हा तो कायदा अजून चालू होता. औषधं आलेली होती, रोग बरा होत होता, आणि तरी कायदा माणसाला कड्याच्या अलीकडेच ठेवत होता. आमच्याकडे आनंदवन उभं राहिलं ते नेमकं याच्या उलट टोकाकडून. तुळशीराम नावाचा पावसात पडलेला रोगी बघून बाबा आधी घाबरून पळाले आणि मग परत आले, ही गोष्ट वरोऱ्यातली पोरं पाळण्यात ऐकतात. पळण्याचा भाग बाबा स्वतः सांगायचे, म्हणून ती गोष्ट खरी वाटते.

सिनेमाकडे येतो. एक छोटं गाव. गावाच्या कडेला, स्मशानाजवळच्या झोपडीत बेर्तो नावाचा कुष्ठरोगी राहतो. गावात कुआला नावाची वेडी बाई फिरते, जिची पोरं टर उडवतात. तिला वेड का लागलं ते सिनेमा पहिल्याच प्रसंगात दाखवून टाकतो. कुणी तरी तिच्या पोटातलं मूल जबरदस्तीनं पाडायला लावलंय. तो कुणी तरी गावातला प्रतिष्ठित माणूस आहे आणि ज्युनियर नावाच्या एका शाळकरी मुलाचा बाप आहे. ज्युनियरची या दोघांशी मैत्री होते. बेर्तो आणि कुआला एकत्र राहू लागतात, तिला दिवस जातात, आणि मग गावातल्या धर्मशील बायकांच्या मंडळाला नीतीची आठवण होते. त्या तिला उचलून नेतात. तिच्या भल्यासाठी, अर्थात.

या बायकांचा प्रवेश झाला तेव्हा आप्पा हसले. “या तर आपल्या इथल्याच आहेत,” म्हणाले. मग थोड्या वेळानं, “बेर्तोचं काम कोन करून राहिला?” मी सांगितलं, मारियो ओहारा; पटकथाही त्यानंच लिहिलीय. “बरा आहे. रंगवलं जरा जास्त आहे.” वरोऱ्याच्या माणसाला कुष्ठरोगाच्या रंगभूषेत फसवता येत नाही, एवढं ब्रोकाला कुणी तरी सांगायला हवं होतं.

शेवटी कुआला पळून बेर्तोच्या झोपडीत येते, बाळंतपणाच्या कळा सुरू होतात, आणि बेर्तो डॉक्टरला धाक दाखवून घेऊन यायला निघतो. पोलिसांना दिसतो तो हत्यारबंद कुष्ठरोगी. ते गोळी घालतात. कुआला मूल ज्युनियरच्या हातात देते आणि मरते. मरण्याआधी तिला ज्युनियरच्या बापाची ओळख पटते. मग तो पोरगा ते बाळ घेऊन गर्दीतून चालत जातो. सगळं गाव उभं. कॅमेरा एकेक चेहरा घेत जातो. कुणी नजर वळवतं, कुणी वळवत नाही. त्या पोराच्या तोंडी एक शब्द नाही.

मी मराठीत सांगायचं थांबलो होतो, कारण सांगायला काही नव्हतंच.

लॅपटॉप मिटल्यावर आप्पांनी एवढंच विचारलं, “त्या लेकराचं पुढं काय झालं?”

लिनो ब्रोका जन्मला १९३९ साली, सोर्सोगोन प्रांतातल्या पिलार गावी. वडील तो लहान असतानाच गेले. वाढला नुएवा एसिहा प्रांतातल्या सान होसे गावात, भाताच्या शेतीच्या मुलखात. नातेवाइकांच्या आसऱ्यानं राहणं, गावातल्या थिएटरात लागणारे हॉलिवूडपट पाहणं आणि अभ्यासात हुशार असणं, या तीन गोष्टींवर त्याचं बालपण गेलं. शिष्यवृत्ती मिळवून मनिलाला विद्यापीठात आला. घरच्यांना वाटत होतं वकील होईल. त्यानं इंग्रजी साहित्य घेतलं आणि नाटकाच्या मंडळींत शिरला. मग मॉर्मन होणं, हवाई, मोलोकाई, सान फ्रान्सिस्कोत किरकोळ कामं. अमेरिकेत राहून जायची सोय असलेला हा पोरगा परत आला. आपल्याकडेही अशी परत आलेली माणसं असतात आणि त्यांच्याबद्दल नातेवाईक आयुष्यभर हळहळतात.

परत आल्यावर त्यानं नाटक धरलं. सेसिल गिदोते या बाईंनी १९६७ मध्ये फिलिपीन एज्युकेशनल थिएटर असोसिएशन ही संस्था काढली होती. तिचं लघुरूप ‘पेटा’. आपल्याला पेटा म्हटलं की बैलगाडा शर्यतीवरची भांडणं आठवतात. तिकडे पेटा म्हणजे नाटक. मनिलाच्या जुन्या तटबंदीत, सान्तियागो किल्ल्याच्या पडक्या भिंतींमध्ये, त्यांचं उघड्यावरचं नाट्यगृह होतं. नाव राजा सुलायमान. स्पॅनिशांच्या आधीच्या मनिलाच्या राज्यकर्त्याचं नाव, आणि त्यातला ‘राजा’ हा शब्द आपला. लष्करी कायदा आल्यावर गिदोतेबाईंना देश सोडावा लागला आणि संस्था ब्रोकानं सांभाळली.

शब्दांचं निघालंच आहे तर थोडं विषयांतर. टागालोग ऐकत राहिलं की कानाला मध्येच ओळखीचं काही तरी लागतं. चेहऱ्याला ते ‘मुखा’ म्हणतात. शिक्षक म्हणजे ‘गुरो’. आशेला ‘पाग-आसा’. हे शब्द संस्कृतातून, मलय बंदरांमधून, केव्हा तरी हजार वर्षांपूर्वी तिकडे पोचले. पण मला सगळ्यात धक्का दिला तो ‘दुखा’नं. तिथे दुखा म्हणजे गरीब, निर्धन. आपलं दुःख समुद्र ओलांडून तिथे पोचलं आणि त्याचं दारिद्र्य झालं. ब्रोकाचे सिनेमे पाहायला सुरुवात करणाऱ्याला मी याहून चांगली प्रस्तावना देऊ शकत नाही.

पहिला सिनेमा १९७० चा. नाव इंग्रजीतच होतं, ‘वॉन्टेड: परफेक्ट मदर’. आई नसलेली मुलं, विधुर बाप, घरी येणारी तरुण शिक्षिका. मनोरंजन म्हणून उत्तम, धंदाही केला. पुढची दोन वर्षं त्यानं निर्मात्यांसाठी भराभर सिनेमे काढले आणि मग कंटाळून थांबला. ते दिवस मनिलाच्या सिनेमात उघड्यानागड्या ‘बोम्बा’पटांचे होते. बरे निर्माते-दिग्दर्शक सगळा दोष प्रेक्षकाच्या माथी मारून मोकळे व्हायचे. त्यासाठी एक शब्दच होता, ‘बाक्या’. बाक्या म्हणजे लाकडी खडावा. खडावा घालून येणारा, स्वस्तातल्या खुर्च्यांवर बसणारा, रडायला आणि टाळ्या वाजवायला आलेला प्रेक्षक. ‘बाक्यांना हेच लागतं’ हे म्हटलं की पुढे काही करायची गरज उरत नसे.

ब्रोकानं या शब्दाशी भांडण मांडलं. तो म्हणायचा, प्रेक्षक काही दगड नाही. त्याला चांगलं दिलं, त्याच्या भाषेत दिलं, तर तो हळूहळू तयार होतो. १९७४ मध्ये त्यानं मित्रांना घेऊन ‘सिनेमनिला’ ही स्वतःची कंपनी काढली, ती ‘तिनिम्बांग’साठी. सिनेमा धो धो चालला. शिवाय त्या वर्षीची बक्षिसंही त्यानं नेली. खडावावाले कुष्ठरोग्याची गोष्ट बघायला रांगा लावून आले. कंपनी पुढे बुडाली, ती गोष्ट वेगळी. तिथला हिशेब त्याला कधीच जमला नाही.

इथे माझी आणि माझ्या फिल्म सोसायटीवाल्या मित्रांची नेहमी वादावादी होते. त्यांना ब्रोका ‘जरा जास्तच रडवा’ वाटतो. कबूल, रडवा आहे. पार्श्वसंगीत कुठे थांबायचं ते विसरतं, पात्रं जे डोळ्यांनी सांगून झालंय ते परत तोंडानं सांगतात, आणि ‘तिनिम्बांग’ वीस मिनिटांनी आटोपशीर झाला असता तर मलाही आवडलं असतं. पण तो रडवेपणा त्यानं विचार करून घेतलेला आहे. ज्यांची गोष्ट सांगायची त्यांनाच ती ऐकवायची, तर त्यांच्या घरातली भाषा लागणार. कोरडेठाक, दोन कलाकारांनी खिडकीबाहेर बघत बसण्याचे सिनेमे त्यालाही काढता आले असते. ते मग आम्ही फिल्म सोसायटीत पाहिले असते आणि मनिलाच्या तोंडो या गरीब वस्तीतला एकही माणूस तिकडे फिरकला नसता.

१९७५ चा ‘मायनिला सा म्गा कुको न्ग लिवानाग’, म्हणजे प्रकाशाच्या नख्यांमधलं मनिला, हा त्याचा सगळ्यात गाजलेला सिनेमा. मूळ एद्गार्दो रेयेस यांची कादंबरी. निर्माता आणि छायालेखक माइक दे लेओन, जो पुढे स्वतःच मोठा दिग्दर्शक झाला. हुलिओ नावाचा कोळ्याचा पोर गावाकडून मनिलात आलाय, कारण त्याची लिगाया कामाच्या आमिषानं शहरात आणली गेली आणि नंतर तिचा पत्ताच लागला नाही. तो इमारतीच्या बांधकामावर मजुरी करतो. मुकादम रजिस्टरवर जास्त रोज लिहून घेतो आणि हातात कमी ठेवतो. पगाराचा वार आला की सांगतात, पैसे अजून आले नाहीत. पाहिजेच असतील तर कापून घेऊन आत्ता मिळतील. म्हणजे मजुराला त्याचेच पैसे व्याजानं. या व्यवहाराला कामावर ‘तैवान’ म्हणतात. आपल्याकडे याला नाव वेगवेगळं असेल, पण सही करतानाचा तो अंगठा कुठल्याही नाक्यावर ओळखू येईल.

लिगाया पारायसो हे नाव उघडच ‘आनंद स्वर्ग’ असं आहे, आणि तिला जिथे कोंडलंय त्या रस्त्याचं नाव मिसेरिकोर्दिया, म्हणजे दया. ही प्रतीकं जरा ढोबळच. त्याहून खटकतो तो तिला कोंडणारा चिनी माणूस. शहराचं सगळं पाप एका चिन्याच्या अंगावर टाकून दिल्यासारखं वाटतं, आणि तिथल्या चिनी लोकांबद्दलचा आकस प्रेक्षकांत आधीच होता. ब्रोकासारख्या माणसानं तो तसाच वापरावा हे मला अजूनही पचत नाही. पण शेवटच्या काही मिनिटांत हुलिओ गल्लीच्या टोकाला भिंतीशी अडकतो, मागून काठ्या-सळया घेऊन माणसं येतात, आणि त्याच्या उघड्या तोंडावर चित्र थिजतं. त्याला मारायला आलेली माणसं कोण आहेत? त्याच्यासारखीच. मजूर, हातगाडीवाले, गावाकडून आलेले. ते मी विसरू शकत नाही.

हे सगळं राष्ट्राध्यक्ष फेर्दिनांद मार्कोसच्या लष्करी कायद्याखाली चाललं होतं. तो १९७२ च्या सप्टेंबरात आला. म्हणून ‘मायनिला’ची कथा १९७० सालात ठेवलेली आहे. मनिलात जे काही घाणेरडं दिसतंय ते साहेबांचा लष्करी कायदा येण्याआधीचं, अशी पळवाट. साहेबांच्या पत्नी इमेल्दा मार्कोस यांना मात्र ‘सत्य, सुंदर आणि चांगलं’ दाखवणारी कला हवी होती. परदेशी पाहुणे यायचे तेव्हा झोपडपट्ट्यांसमोर रंगवलेल्या भिंती आणि कुंपणं उभी राहायची. त्यांनी सिनेमासाठी समुद्रकाठी एक अवाढव्य भवन घाईघाईनं बांधायला घेतलं, आणि १९८१ च्या नोव्हेंबरात रात्री परांची कोसळून ओल्या काँक्रीटमध्ये मजूर गाडले गेले. काम थांबलं नाही. दोन महिन्यांत तिथे चित्रपट महोत्सव झाला. हुलिओच्या बांधकामावरून ‘मायनिला’ काढणाऱ्या माणसाला त्या रात्री काय वाटलं असेल.

त्या रंगवलेल्या कुंपणांच्या मागे कॅमेरा नेऊन त्यानं १९७६ ला ‘इन्सियांग’ काढला. सुरुवातच कत्तलखान्यात, उलटी टांगलेली डुकरं आणि त्यांच्या किंकाळ्या. मग तोंडोची वस्ती, आई, मुलगी, आणि आईचा तरणाबांड मित्र. आईला तो आपला वाटतो आणि त्याची नजर मुलीवर. हिल्दा कोरोनेल या नटीचा चेहरा सिनेमाभर हळूहळू बंद होत जातो, जसं एखाद्या दुकानाचं शटर. पिअर रिसियां या फ्रेंच माणसानं हा सिनेमा उचलला आणि १९७८ मध्ये तो फ्रान्सच्या कान महोत्सवात ‘दिग्दर्शकांचा पंधरवडा’ या विभागात दाखवला गेला. कानला पोचलेला तो पहिला फिलिपिनो सिनेमा. दोन वर्षांनी ‘जगुआर’ मुख्य स्पर्धेत गेला. त्यात वाघबिघ काही नाही. सुरक्षारक्षकाला तिकडे ‘ग्वार्द्या’ म्हणतात, आणि रस्त्यावरच्या पोरांनी तो शब्द उलटा करून ‘जगुआर’ केला. साहेबाच्या दारात उभा राहून स्वतःला साहेबाच्या घरचा समजू लागलेल्या वॉचमनची गोष्ट आहे.

माझा सगळ्यात आवडता मात्र ‘बोना’, १९८० चा. नोरा आउनोर त्यात आहे, आणि निर्मातीही तीच. ही बाई त्या काळात तिकडची सर्वांत मोठी स्टार. लहानपणी बिकोल भागातल्या रेल्वे स्टेशनवर गाडीतल्या लोकांना पिण्याचं पाणी विकायची. तर ही बोना शाळकरी, बऱ्या घरची पोरगी. गार्दो नावाच्या एका फुटकळ नटावर भाळते, जो सिनेमात मार खाणाऱ्या गुंडांतला तिसरा-चौथा असतो. घर सोडून त्याच्या झोपडीत येते, आणि त्याची दासी होते. रोज नळावर रांग लावून पाणी भरायचं, चुलीवर तापवायचं, बालदीत गार पाणी घालून हातानं चाचपायचं, आणि मग त्या माणसाला आंघोळ घालायची. हे ब्रोका एकदा नाही, परत परत दाखवतो. पाणी, चूल, वाफ, हात. दुसऱ्यांदा बघताना लक्षात येतं की तो आपल्याला त्या पाण्याच्या तापमानाची सवय लावतोय. शेवटी गार्दो सहज सांगतो की तो हे घर विकून दुसऱ्या बाईबरोबर निघालाय, तू तुझ्या घरी जा. आणि आंघोळीचं पाणी मागतो.

त्या दिवशी ती गार पाणी घालत नाही.

१९८३ च्या ऑगस्टात मार्कोसचे विरोधक निनोय आकिनो यांना मनिलाच्या विमानतळावर गोळी घातली गेली. त्यानंतर ब्रोका रस्त्यावरच आला म्हणा ना. सेन्सॉरविरुद्ध कलाकारांची संघटना त्यानं त्याच वर्षी उभी केलेली होती, आता मोर्चांतही गेला. १९८४ चा ‘बायान को: कापित सा पातालिम’ हा छापखान्यातल्या एका कामगाराचा सिनेमा. बायको गरोदर, म्हणून तो मालकाकडून उचल घेतो आणि युनियनमध्ये जाणार नाही असं लिहून देतो. मग संप होतो. नाव एका टागालोग म्हणीतून आलंय, गळ्याशी आलेला माणूस सुरीच्या पात्यालाही धरतो. आपण म्हणतो, बुडत्याला काडीचा आधार. आपल्या म्हणीतल्या माणसाला निदान हात कापण्याची तरी भीती नाही.

त्याची प्रत चोरून फ्रान्सला नेली आणि तो कानच्या स्पर्धेत दाखवला गेला. देशात सेन्सॉरनं मोर्चाची दृश्यं कापायला सांगितली आणि वर ‘फक्त प्रौढांसाठी’चा शिक्का. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ च्या जुलैतला तो निकाल वाचण्यासारखा आहे. न्यायालय म्हणालं की मंडळानं अधिकाराचा गैरवापर केलाच आहे, पण तो अतिरेकी आहे असं म्हणायला पुरेशी मतं नाहीत. अर्ज फेटाळला. म्हणजे तुझं बरोबर आहे, घरी जा.

त्याच वर्षी जानेवारीत जीपनी म्हणजे तिकडच्या प्रवासी जीपगाड्या, त्यांच्या चालकांच्या संपाला पाठिंबा द्यायला तो क्वेझॉन सिटीतल्या कुबाओला गेला आणि दिग्दर्शक बेन सेर्वांतेससह पकडला गेला. जामीन मिळाला तरी सोडलं नाही. प्रतिबंधक अटकेचा हुकूम असल्याचं सांगितलं, आणि मग घाईघाईनं राजद्रोहाला चिथावणी दिल्याचा गुन्हा लावला. फेब्रुवारीत सुटका झाली, तीही तात्पुरती. आणि पुढे काही महिन्यांत मॅगसेसे जाहीर झाला. आप्पांच्या कात्रणात ‘चित्रपट दिग्दर्शक’ एवढंच होतं. त्याच वर्षी तो तुरुंगात जाऊन आलाय, हे त्या ओळीत मावलं नव्हतं.

१९८६ ला मार्कोस पळाले. निनोय यांच्या पत्नी कोराझोन आकिनो राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांनी नवी घटना लिहायला आयोग नेमला, त्यात ब्रोकाला घेतलं. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. आपल्याकडची किती तरी चळवळी माणसं अशा खुर्चीवर आयुष्यभर सुखानं बसली आहेत. हा काही महिन्यांत राजीनामा देऊन बाहेर पडला, कारण जमिनीचा आणि परकीय हितसंबंधांचा प्रश्न आयोग धसाला लावत नाही असं त्याला वाटलं. पण जाण्याआधी एक काम करून गेला. भाषण आणि वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या कलमात त्यानं ‘अभिव्यक्तीचं’ हा शब्द घालून घेतला. तिसऱ्या भागातल्या चौथ्या कलमात तो आजही आहे.

आणि मग १९८९ ला ‘ओराप्रोनोबिस’. लॅटिन प्रार्थनेतले शब्द, आमच्यासाठी प्रार्थना कर. विषय, कोराझोनबाईंच्या राज्यात साम्यवादविरोधाच्या नावाखाली खेड्यापाड्यांत माणसं मारत फिरणाऱ्या सशस्त्र टोळ्या. ज्यांच्यासाठी तो रस्त्यावर उतरला होता, त्यांच्याच राज्यात. त्या टोळीचा प्रमुख रंगवलाय बेम्बोल रोको यानं, तोच, ज्यानं चौदा वर्षांपूर्वी भिंतीशी अडकलेला हुलिओ केला होता. मला हे कळलं तेव्हा मी परत जाऊन ‘मायनिला’चा शेवट पाहिला. सिनेमा कानला दाखवला गेला, पण ब्रोकाच्या हयातीत फिलिपाइन्समधल्या नेहमीच्या थिएटरांत लागू शकला नाही. मित्र सत्तेवर आल्यावर मित्रांविरुद्धच कॅमेरा लावणं सोपं नसतं. शत्रू टाळ्या वाजवायला लागतात, तोही त्रास असतो.

मधल्या काळात तो धंदेवाईक सिनेमेही काढतच होता. पैसे हवे होते, पेटाला आणि स्वतःलाही. समलिंगी असल्याचं त्यानं लपवलं नाही. ख्रिश्चन ब्लॅकवूड यांनी त्याच्यावर केलेल्या १९८७ च्या माहितीपटात तो मोकळेपणानं बोलतो, हसत, सिगारेट ओढत. एकूण साठाहून जास्त सिनेमे. त्यातले बरेच मी पाहिलेले नाहीत आणि काही पाहून पश्चात्तापही झालेला आहे.

१० डिसेंबर १९९० ला, कुबाओच्या अटकेनंतर जवळजवळ सहा वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयानं तो राजद्रोहाचा खटला कायमचा थांबवला. या वेळी मात्र पुरेशी मतं होती. त्यानंतर मे १९९१ मध्ये क्वेझॉन सिटीत एका रात्री त्याची गाडी विजेच्या खांबावर आदळली. तो बावन्न वर्षांचा होता. १९९७ ला ‘राष्ट्रीय कलावंत’ हा किताब दिला, मरणोत्तर.

हे सगळं मी आप्पांना दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, ते पोहे खात असताना. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग त्यांच्यातला गणिताचा शिक्षक जागा झाला.

“म्हणजे सत्तर ते एक्क्याण्णव. एकवीस वर्ष. साठाच्या वर पिक्चर. वर्षाला तीन!”

“हो.”

“आणि मोर्चे वेगळे.” 

“आणि नाटकं वेगळी.”

“झोपत केव्हा होता बाप्पा?” त्यांनी बशी बाजूला ठेवली. मग, “तो पाण्याचा कोणता म्हणला तू?”

‘बोना’ची जुनी प्रत धुरकट होती, अलीकडे नीट केलेली निघाली, २०२४ मध्ये कानला परत दाखवली. ती मी लावली. पडदे ओढले, पंखा एकवर केला, कारण मोठा आवाज असला की आप्पांना माझं मराठी ऐकू येत नाही. सुरुवात मनिलातल्या कियापोच्या काळ्या नाझरेनच्या, म्हणजे काळ्या ख्रिस्तमूर्तीच्या, मिरवणुकीनं होते. अनवाणी माणसांचा समुद्र, खांद्यांवर चढलेली माणसं, दोर ओढणारे हात, आणि त्या रेट्यात मध्येच नोरा आउनोरचा लहानसा चेहरा. आप्पा खुर्ची पुढे ओढून बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा खाली घेतला.

“एवढ्या गर्दीत ती पाहून कोनाकडे राहिली?”

मी म्हणालो, थांबा, अजून कुणी काही बोललं नाही.